आठ किलोवॅट आणि एक बादली

प्रश्न : नाशिकला जुन्या इमारतीत राहतो. बाथरूम अगदी लहान, मोठा गिझर टांगला तर डोक्याला लागेल. दुकानदार म्हणतो, टाकी नसलेला आठ किलोवॅटचा घ्या, गरम पाणी संपायचंच नाही. आम्हाला शॉवर हवा, सासूबाईंना बादलीच लागते. मीटर सिंगल फेज आहे. घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दुकानदार खोटं बोलत नाही, पण वायरिंगचं बोलायचं विसरला. आठ किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 35 अँपियर. जुन्या इमारतीतल्या सिंगल फेज मीटरवर एवढा भार एकट्या गिझरने खायचा, मग मिक्सर-इस्त्रीने काय करायचं? त्यासाठी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या, बहुधा थ्री फेज घ्या, मीटरपासून जाड वायर ओढा. गिझरपेक्षा हाच खर्च जास्त.

आणि एवढं करूनही शॉवर कडक होईलच असं नाही. एक हिशेब सांगतो, मी ग्राहकाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून दाखवायचो : एक किलोवॅट एका मिनिटात एक लिटर पाणी साधारण 14 अंशांनी तापवतो. बस्स. आता तुमच्या शॉवरखाली बादली धरा आणि मिनिट मोजा. आठ लिटर भरली, तर आठ किलोवॅटचा गिझर पाणी 14 अंशच वर नेणार. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 18 अंश धरलं, तर हाती 32. नाशिकच्या थंडीत त्याला कोमटही म्हणवत नाही. नळ बारीक केला तर तापेल, पण मग तो शॉवर कसला.

बादलीची गोष्ट वेगळी. तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 15 लिटरची बादली 18 वरून 40 अंशांवर न्यायला आठेक मिनिटं घेतो. वीज 0.4 युनिटच्या आत. सासूबाईंचं काम त्यात झकास होतं. फक्त सकाळी व्होल्टेज 200 वर आलं, तर तोच गिझर सव्वादोन किलोवॅटचा होऊन बसतो, मग थोडी वाट बघावी लागेल.

मी स्वतः एकदा शहाणपणा केला होता. साडेचार किलोवॅटचा गिझर घरच्या 16 अँपियरच्या सॉकेटला लावला. त्याला वीसेक अँपियर लागतात, हे वायरमन असून विसरलो. आठवड्यात प्लग काळा पडला, बायको अजून ऐकवते.

तेव्हा तुम्ही दाराच्या वर बसणारा 15 लिटरचा आडवा साठवण गिझर बघा. भार दोन किलोवॅटच. त्यातलं 60 अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की 28 लिटरच्या आसपास आंघोळीजोगं पाणी मिळतं, आणि सासूबाईंची बादलीही त्यातूनच निघेल. शॉवरची चाळणी कमी पाण्याची बसवा. पाणी बोअरचं असेल तर कॉइलवर खार चढतो, दिवाळीआधी एकदा साफ करून घ्या.

दुकानात जाण्याआधी मात्र वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा आणि 30 मिलिअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. जुन्या इमारतीत अर्थिंगची वायर कित्येकदा सॉकेटच्या मागे नुसतीच लोंबत असते. मी पाहिलंय.