तिकीट डिडनं काढलं

जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्याकडे तेच गाऱ्हाणं येतं, फक्त आया बदलतात. "मॅडम, सातवीत गेला आणि इंग्लिशचं बेसिकच कच्चं आहे. मागचं सगळं विसरला." कधी टेन्स, कधी निबंध, कधी ते सिमिली-मेटाफर, म्हणजे उपमा-रूपक. इंदूरच्या मराठी घरांत तर हमखास. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. या खिचडीनंच घात केला, असं आईला वाटतं. मला ते कधीच पटलेलं नाही.

मागे सुदामानगरातून असेच मायलेक आले. आईनं वही पुढे सरकवली. 'ही डिडन्ट वेन्ट'वर लाल गोल, पुढच्या पानावर पुन्हा तेच, पुन्हा गोल. एके ठिकाणी खोडरबरानं कागदाला भोक पडलेलं. मुलगा त्या भोकात करंगळी घालून बसला होता.

"दहादा सांगून झालंय!" आई म्हणाली.

दोन-तीन भेटी 'मला नाही येत' यातच गेल्या. मग मी आईला बाहेर बसवायला लागले, आणि एकदा सहज विचारलं, "वेन्टच का लिहितोस रे?"

"'तो गेला नाही' असंच म्हणतो ना आपण? गेला म्हणजे वेन्ट."

काय चुकलं त्याचं? मराठीत 'गेला' तसाच राहतो, वर 'नाही' जोडलं की झालं. तो नियमानंच चालला होता, फक्त नियम घरचा होता. १९७२ साली भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या अशा मधल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. चूक पुसण्याआधी वाचावी, हे माझं जुनं मत.

मी म्हटलं, "इंग्रजीत भूतकाळ डिड स्वतःकडे घेतो. मग मागच्याला पुन्हा घ्यायची गरज नाही, तो साधा गोच राहतो."

तो छताकडे बघत राहिला. मग एकदम, "म्हणजे सिटी बसचं तिकीट डिडनं काढलं. गो फुकट बसला!"

इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय, पण त्या दिवशी मलाच उठून नाचावंसं वाटलं. वहीच्या शेवटी 'पर्सॉनिफिकेशन'समोरची जागा कोरी होती. मी तिथं बोट ठेवलं. "डिड माणूस आहे का रे, तिकीट काढायला?"

"नाही... म्हणजे, हे मी आत्ता केलं ते?"

तेच. मराठीत चेतनगुणोक्ती, हिंदीत मानवीकरण. उदाहरण त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

आयांनो, उजळणी म्हणून अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका. आठवड्याला एकच चूक घ्या. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत काय खाल्लं ते आधी मराठीत सांगू द्या, मग पाचच वाक्यं इंग्रजीत. त्यात फक्त ती एक चूक बघा, स्पेलिंगकडे काणाडोळा करा. आणि लाल पेन कपाटात. हे शेवटचं सगळ्यात जड जातं, मुलांना नव्हे, आयांना.

महिन्याभरानं त्याच आईचा फोन. आजी नातवावर ओरडली होती, "माकड आहेस नुसता!"

"आणि हा म्हणतो, आजी, हे मेटाफर. माकडासारखा म्हणाली असतीस तर सिमिली. मॅडम, आता आजी रुसल्यात, त्यांना काय सांगू?"