उत्तर येईपर्यंत कथेचे काय करावे?

प्रश्न : एका स्वतंत्र वाङ्मयीन नियतकालिकाकडे मी चार महिन्यांपूर्वी कथा पाठवली. अद्याप होकार नाही आणि नकारही नाही. तीच कथा दुसरीकडे पाठवणे गैर ठरेल का? हे नियतकालिक मानधनही देत नाही. तेथे कथा द्यावी का?

उत्तर : अशा नियतकालिकांमागे बहुधा दोन-तीन माणसेच असतात आणि तीही नोकरी सांभाळून, पदरमोड करून आलेले साहित्य वाचत असतात, त्यामुळे चार महिन्यांचे मौन म्हणजे नकार असे समजू नये. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून (एआय) लिहून घेतलेल्या कथांची भर पडली आहे. अमेरिकेतील ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाला २०२३च्या फेब्रुवारीत त्यापायी काही काळ कथा स्वीकारणेच थांबवावे लागले होते.

दुसरीकडे पाठवण्याबाबत त्या नियतकालिकाचा नियम पाहावा. एकाच वेळी अनेकांकडे पाठवलेली कथा काहींना चालते. मात्र एकाने ती स्वीकारताच इतरांना त्याच दिवशी कळवणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. मनाई असेल, तर त्यांनी सांगितलेली मुदत उलटल्यावर दोन ओळींचे स्मरणपत्र लिहावे आणि तरीही उत्तर न आल्यास कथा मागे घेत असल्याचे कळवून मगच ती अन्यत्र द्यावी.

लेखकाला मानधन मिळायलाच हवे, असे माझे मत आहे. तरीही केवळ त्यावरून किंवा खपावरून नियतकालिकाची पारख करू नये. व्हिट बर्नेट आणि मार्था फोली यांनी १९३१ मध्ये व्हिएन्नात सुरू केलेल्या ‘स्टोरी’चा पहिला अंक सायक्लोस्टाइल केलेल्या अवघ्या १६७ प्रतींचा होता, पुढे १९४० मध्ये नंतर जगप्रसिद्ध झालेले अमेरिकन कथा-कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर यांची पहिली प्रकाशित कथा याच नियतकालिकात आली आणि तिचे मानधन होते २५ डॉलर. अनोळखी लेखकाची कथा शेवटपर्यंत वाचणारा, तिच्यातला सैल परिच्छेद नेमका दाखवणारा संपादक लाभणे ही मोठी मिळकत आहे. तुम्ही ज्यांच्याकडे कथा पाठवली, त्यांचे दोन-तीन अंक अवश्य वाचा. कथा निवडताना आणि मुद्रिते तपासताना त्यांनी घेतलेले कष्ट पानापानांवर दिसत असतील, तर कथा निःशंकपणे द्या.

हक्कांविषयी मात्र सावध राहा. मानधन असो वा नसो, नियतकालिकाला फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क द्यावा आणि तसे लेखी घ्यावे. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहिला, तरच उद्या ती कथा स्वतःच्या संग्रहात घेताना कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.