दृष्टी ६/६, तरी पायरी का दिसत नाही?

प्रश्न : आईला काचबिंदू आहे. तक्त्यावरची शेवटची ओळ ती वाचते, तरी तिन्हीसांजेला जिन्यावर अडखळते. असे का होते?

उत्तर : नेहमीच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळीभोर अक्षरे असतात, पायरीची कड मात्र राखाडीवर राखाडी असते, आणि असा फिका फरक ओळखण्याची क्षमता काचबिंदूत दृष्टी ६/६ असतानाही घटू शकते. ती मोजणाऱ्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पेली-रॉबसन तक्त्यावर सगळी अक्षरे एकाच आकाराची असून दर तीन अक्षरांनंतर ती अधिक फिकी होत जातात. तो १ मीटरवरून, एकसारख्या उजेडात वाचायचा असतो. आईंनी मुळीच घाई करू नये, कारण अंधुक अक्षर कधी कधी काही क्षण टक लावून पाहिल्यावरच उमटते. ही तपासणी डॉक्टरांकडे आवर्जून मागा. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारी रंगीत पट्टी मात्र आजच लावा.