भीती योग्य जागी ठेवण्याविषयी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रक्तदान केल्यानंतर काही आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन यावा, समक्ष भेटायला बोलावावे, आणि तू गेल्यावर तिथल्या माणसाने उभ्या उभ्या ‘हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, आता रक्त देऊ नका’ एवढेच सांगून पुढच्याला हाक मारावी, हे फार वाईट झाले. त्याने दहा मिनिटे बसवून घेतले असते, तर तुझ्या अर्ध्या रात्री वाचल्या असत्या. मात्र पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले ते वेगळेच आहे. त्या दिवसापासून आपले ताट आणि पेला तू वेगळा ठेवतोस, असे तू सहज लिहून गेला आहेस. तिथूनच सुरुवात करते.

बावीस वर्षांपूर्वी, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यातल्या तपासण्यांमध्ये मला हा संसर्ग असल्याचे कळले, तेव्हा मीही असाच एक पेला बाजूला काढला होता. तो चुकून दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. मला तसे कोणीही सांगितले नव्हते; घरातल्या कोणी म्हणायच्या आत आपणच केलेले बरे, एवढाच त्यामागचा विचार होता. आता याच गोष्टीची दुसरी बाजू ऐक. त्याच घरात न्हाणीघरातल्या फळीवर एकच नेलकटर होते, आणि ते आम्ही सगळे वापरत होतो. पेल्यातून हा विषाणू कधीच कोणाकडे गेला नसता. नेलकटरला लागलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातून मात्र जाऊ शकला असता. ठिपका मी नेमका चुकीच्या वस्तूला लावला होता, आणि हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेले. या आजारात मी जी माणसे पाहिली, त्यांच्यातल्या बहुतेकांची गत हीच असते: भीती भरपूर असते, पण ती भलत्या जागी ठेवलेली असते.

हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणुसंसर्ग रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्या-शिंकल्याने किंवा एकच स्वच्छतागृह वापरल्याने तो होत नाही. तेव्हा ताट आजच पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेव, आणि रेझर, टूथब्रश, नेलकटर व टोचणाऱ्या सगळ्या वस्तू मात्र स्वतःच्या वेगळ्या कर. हा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे सुकलेल्या डागालाही ओल्या रक्ताइतकाच मान द्यायचा. जखम झाली तर पट्टी बांधावी, सांडलेले रक्त ब्लीच आणि त्याच्या नऊपट पाणी अशा मिश्रणाने पुसावे, आणि ते शक्यतो आपले आपण पुसावे. घरातली दक्षता एवढ्यावर संपते.

आता त्या कागदाविषयी. ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ याचा अर्थ विषाणूच्या आवरणातले प्रथिन तुझ्या रक्तात सापडले. संसर्ग नुकताच झालेला आहे की जुना, यकृताला इजा आहे की नाही, यातले काहीही तो एक शब्द सांगत नाही. सहा महिन्यांनंतरही तो पॉझिटिव्हच राहिला तर संसर्ग दीर्घकालीन मानतात. आपल्याकडे या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात, आणि माझ्या मते त्या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे, कारण कावीळ म्हटले की माणूस डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसतो. दीर्घकालीन संसर्गात वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही आणि काही दुखतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 25.4 कोटी लोक या संसर्गासह जगत होते, आणि त्यांपैकी अवघ्या 13 टक्क्यांना तो असल्याचे माहीत होते. तुला रक्तपेढीने वाईट पद्धतीने का होईना, पण त्या थोड्यांमध्ये आणून बसवले आहे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून काय समजून घ्यायचे, ते लिहून ठेव. ई-प्रतिजन (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेले त्याचे दुसरे प्रथिन) आहे की नाही, विषाणूचा डीएनए किती आहे, एएलटी किती आहे (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा हा घटक; हेच जुन्या रिपोर्टांवर एसजीपीटी या नावाने दिसते), फायब्रोस्कॅनमध्ये यकृत कितपत कडक झालेले दिसते, आणि हेपॅटायटिस डी, हेपॅटायटिस सी व एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, एवढे विचार. डी विषाणू फक्त बी असलेल्यालाच होऊ शकतो आणि आजार वाढवतो, तरी तो पाहायचा पुष्कळदा राहून जातो. डीएनएचा आकडा कोटींत आला तर हबकू नकोस. हा विषाणू पेशीला थेट मारत नाही. त्याला हुसकावण्यासाठी आपलीच प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर तुटून पडते आणि इजा त्यातून होते. म्हणून कोणाचा आकडा कोटींत असूनही यकृत शांत असते, तर कोणाचा हजारांत असूनही सूज असते. एकटा आकडा काहीच सांगत नाही, चार आकडे एकमेकांशेजारी ठेवले की ते बोलू लागतात. यासाठी मी एका वहीत रकाने आखले आहेत: तारीख, एएलटी, डीएनए, प्लेटलेट, सोनोग्राफी. डॉक्टर बदलले, फाइल हरवली, तरी वही माझ्याजवळ राहते.

त्या वहीत एक पान असे आहे की ते मी मुद्दाम कोरे ठेवले आहे. मुलगा झाल्यानंतर मला इतके बरे वाटत होते, आणि त्याच्या मागे दिवस इतके पटकन जात होते, की सलग तीन वर्षे मी एकही तपासणी केली नाही. एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ‘तुम्ही नुसत्या कॅरिअर (म्हणजे वाहक) आहात, काळजीचे कारण नाही’ असे म्हटले होते आणि मी ते वाक्य सोयीने धरून ठेवले होते. तीन वर्षांनी गेले तेव्हा एएलटी तिपटीने वाढलेले होते आणि यकृतात तंतू धरू लागले होते. ज्या काळात घाबरायला हवे होते त्या काळात मी निर्धास्त होते, आणि ज्या काळात पेल्याला ठिपके लावत होते त्या काळात घाबरण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा आत्ताची तुझी भीती थोडी शिल्लक ठेव आणि ती पाचव्या वर्षासाठी जपून ठेव, जेव्हा तुला सगळे विसरावेसे वाटेल. डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारणपणे दर सहा महिन्यांनी, तपासणी झालीच पाहिजे. ज्यांना धोका अधिक आहे त्यांची सोनोग्राफी सहा महिन्यांच्या अंतराने करतात, कारण या संसर्गात यकृताचा कर्करोग सिरॉसिस (म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होणे) झालेला नसतानाही होऊ शकतो.

औषध प्रत्येकाला लगेच लागते असे नाही. लागले तर टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर, दिवसाला एक गोळी, बहुधा पुष्कळ वर्षे. ही औषधे विषाणूची वाढ दाबून ठेवतात. पण त्याचा डीएनए यकृताच्या पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसलेला असतो, तिथपर्यंत ती पोहोचत नाहीत. पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे तेच एचबीएसएजी, रक्तातून कायमचे नाहीसे होणे हे वर्षाला शंभरातल्या जेमतेम एकाच्या वाट्याला येते. एवढे ऐकून काही जण निराश होतात, परंतु विषाणू दाबलेला राहिला की सूज उतरते, कडक झालेले यकृत पुष्कळदा सैल होते आणि कर्करोगाची शक्यता घटते. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचार सुरू करण्याच्या कसोट्या पूर्वीपेक्षा सैल केल्या आहेत, त्यामुळे जुन्या माहितीवरून ‘तुला औषधाची गरज नाही’ असे कोणी सांगितले तर पुन्हा एकदा विचारून घे. गोळी सुरू झाली की आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवल्यास विषाणू जोराने उसळतो आणि त्यात यकृत निकामी झाल्याचीही उदाहरणे आहेत.

दारू सोड, यात मला वाटाघाट करायची नाही. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा धान्य खाऊ नकोस, कारण त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आणि हा विषाणू मिळून कर्करोगाचा धोका वाढवतात. ‘यकृत साफ करणारे’ म्हणून जे काढे आणि चूर्णे विकली जातात, त्यांपैकी काहींनी यकृताचेच नुकसान होते. याहून वेगळे पथ्य नाही. हेपॅटायटिस ए ची लस मात्र घ्यावी का, हे विचारून ठेव.

आता तू सर्वांत लांब लिहिलेल्या प्रश्नाकडे येते: कोणाला सांगायचे. ज्यांच्या शरीराशी या गोष्टीचा संबंध आहे, त्यांना सांगणे तुझे कर्तव्य आहे. बाकी कोणाचाही त्यावर हक्क नाही. आई-वडील आणि बहीण यांना सांग, कारण त्यांची तपासणी व्हायला हवी. अर्भकावस्थेत संसर्ग झाला तर सुमारे 90 टक्के बाळांमध्ये तो कायम राहतो आणि प्रौढपणी झाला तर 5 टक्क्यांहूनही कमी जणांमध्ये, म्हणजे तुझाही तो जन्माच्या वेळचा असण्याची शक्यता बरीच आहे. हे आईला सांगताना जपून बोल. तो कुठून आला याची चौकशी घरात सुरू झाली की ती लगेच कोणामुळे आला यावर येते, आणि ज्या आईला स्वतःलाच ठाऊक नव्हते तिच्या माथी दोष येतो. माझ्या आईने याच कारणाने कितीतरी महिने माझ्याकडे नीट पाहिले नव्हते. दाताच्या डॉक्टरांसह प्रत्येक डॉक्टरांना सांग. विशेषतः स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध सुरू होण्यापूर्वी सांगणे चुकवू नकोस, कारण त्या औषधांनी शांत असलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि तो दाबून ठेवणारी गोळी आधीपासून द्यावी लागते. कार्यालयात सांगण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

जिच्याशी लग्न करण्याचा तुझा विचार आहे तिला सांगावे की नाही, असा प्रश्नच नाही. कधी आणि कसे, एवढाच आहे. शरीरसंबंधाच्या आधी आणि तिला स्वतः वाचायला, विचारायला, प्रसंगी रागवायलाही अवधी मिळेल इतक्या लवकर सांग. मान खाली घालून, गुन्हा कबूल करीत असल्यासारखे सांगू नकोस, कारण ऐकणारी व्यक्ती आपल्या चेहऱ्यावरूनच बातमीचे वजन ठरवते. आजाराचे नाव आणि लशीचे नाव एकाच दमात घे. तिने आधी तपासणी करावी, संसर्ग नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा घ्याव्यात, आणि शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे (लशीमुळे रक्तात तयार होणारी संरक्षक प्रथिने) रिपोर्टात 10 किंवा त्याहून अधिक आली आहेत ना, हे पाहावे. तोवर निरोध वापरावा. पुढच्या भेटीला तिला डॉक्टरांकडे बरोबर ने, म्हणजे तिचे प्रश्न तुझ्या मध्यस्थीशिवाय विचारले जातील. एवढे होऊनही ती नाही म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे, आणि ते तुला सोसावे लागेल. हे गोड करून सांगण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

मुले होतील का, हेही तू विचारले आहेस. माझ्या मुलाला जन्मल्यावर काही तासांतच दोन मांड्यांवर दोन इंजेक्शने दिली: एकात लस, दुसऱ्यात तयार प्रतिपिंडे. मी त्याला अंगावर पाजले. त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधी केलेल्या तपासणीत संसर्ग नव्हता. तुमच्या बाबतीत आई तू नसल्यामुळे गोष्ट याहूनही सोपी आहे. तिने लस घेतलेली असेल आणि बाळाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत पहिली मात्रा मिळाली, तर विशेष चिंता उरत नाही. तोच मुलगा नऊ वर्षांचा असताना त्या पेल्याचा ठिपका नखाने खरवडत होता. हे काय आहे, असे त्याने विचारले आणि माझ्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. पेला तोवर कपाटात इतर पेल्यांत मिसळून गेला होता आणि त्यातून कोण पाणी पिते याचा हिशेब कोणीच ठेवत नव्हते.

आधारासाठी आपल्यासारख्याच माणसांशी बोल. मी पहिली सहा वर्षे कोणाशी बोलले नाही आणि त्यात शहाणपण काही नव्हते. अमेरिकेतील हेपॅटायटिस बी फाउंडेशन 1991 पासून याच एका आजारासाठी काम करते आणि 2007 मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड हेपॅटायटिस अलायन्समध्ये देशोदेशीचे रुग्णगट एकत्र आले आहेत. तुझ्या डॉक्टरांनाही जवळचा एखादा गट माहीत असू शकेल. गटात गेल्यावर दुसऱ्याच्या आकड्यांशी आपले आकडे ताडू नकोस, आणि आजार मुळासकट घालवण्याची हमी देणारा कोणी भेटला तर तिथून ऊठ. या विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस, 28 जुलै, जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. ते खरे तर माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक शोधत होते; एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले आणि 1965 मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध केले. तुझ्या कागदावरचे एचबीएसएजी ते हेच. त्या दिवशी तू व्यासपीठावर उभे राहावेस असा माझा आग्रह नाही. मी स्वतः अजून उभी राहिलेली नाही. ओळखीच्या चार घरांतल्या गरोदर मुलींना ही तपासणी आवर्जून करायला लावते, एवढेच माझे काम.

डीएनएचा रिपोर्ट आला की त्याची प्रत मला पाठव आणि वहीत पहिली ओळ लिही. बहिणीची तपासणी झाली का, तेही कळव. तिने लस सुरू केली तर तिसरी मात्रा सहाव्या महिन्यात असते आणि तीच बहुतेकांची राहून जाते, म्हणून तारीख तुझ्याच वहीत टिपून ठेव.

तुझी,
मावशी