सतरा जमाती, भांडण एकही नाही

तुझ्या रोलप्लेइंग खेळाच्या जगाची फाइल काल रात्री वाचून काढली. सतरा जमाती, एकशे बारा पानं, आणि प्रत्येक जमातीला तेच पाच रकाने: रूप, स्वभाव, देव, नावं, बोनस. शेवटी लिहिलं आहेस की सगळं पुसून फक्त माणसंच ठेवावीत असं वाटतंय, कारण टेबलाशी खेळायला बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "सरडेलोक सगळेच क्रूर कसे रे?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. चौघांतल्या तिघांनी मुकाट्यानं माणूस निवडला, तेही तुला लागलेलं दिसतंय.

जमाती पुसू नकोस. 'स्वभाव' हा रकाना पूस. काय भरलंयस त्यात ते एकदा मोठ्यानं वाच. एल्फ: गर्विष्ठ. बुटके: लोभी. सरडेलोक: थंड रक्ताचे, क्रूर. लाखभर जिवांना मिळून एक विशेषण! तुझ्या चार प्लेयर्सना मिळून एक विशेषण लावून दाखव, मग आपण बोलू.

माझं म्हणणं एकच आहे आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे. त्यांचं आपापसांत कशावरून भांडण आहे, ते मला सांग. शेजारच्या जमातीशी नव्हे, तसली युद्धं तुझ्या फाइलीत ढीगभर आहेत. आपापसांत. एकाच जमातीची दोन माणसं एका खोलीत बसव. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, आणि खरा सरडा आपणच अशी दोघांचीही खात्री. ते ज्यावरून भांडतात ती त्यांची संस्कृती. बाकी सगळा कपडेपट.

तू विचारलंयस की यांना रेस म्हणायचं, स्पीशीज म्हणायचं की आणखी काही. हा प्रश्न फालतू नाही, पण तुझ्या अडचणीचं उत्तर त्यात नाही. पाथफाइंडर या खेळानं २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'ॲन्सेस्ट्री' घेतलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळवाल्यांनी डिसेंबर २०२२मध्ये 'रेस' शब्द सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये 'स्पीशीज' आलं. गुणांचे बोनसही जमातीकडून काढून बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला, दिले. चांगलंच झालं. त्याच खेळाच्या १९८१च्या बेसिक नियमांत तर एल्फ हा चक्क पेशा होता. प्रत्येक एल्फ तलवार चालवणार, प्रत्येक एल्फ मंत्र म्हणणार, आणि एक्सपर्ट नियमांप्रमाणे दहाव्या लेव्हलला थांबणार. एल्फांचे जोडे कोण शिवत होतं, देव जाणे. पण तू आज शब्द बदललास आणि रकाना तोच ठेवलास, तर काय मिळवलंस? नव्या पाटीखाली तेच दुकान.

सरड्यांकडे येऊ. त्यांना मी सोडणार नाही.

मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याची ऊब ठरवते. अमेरिकन ॲलिगेटरच्या घरट्यात ३० अंश सेल्सियसच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या, ३३च्या आसपास जवळजवळ सगळे नर. मध्ये अंतर तीन अंशांचं. तुझ्या सरडेलोकांना एवढंच दे. शेपटीचा वार नको, विषारी थुंकी नको, ताकदीला दोन जास्त तर नकोच नको.

आता घरटं कुठे घालायचं? उघड्या उतारावर की झाडाच्या सावलीत? ठरवणार कोण, आई की कूळ? एक म्हातारी घरटेकरीण असेल. पहाटे ती वाळूत खालचा जबडा खुपसून डोळे मिटून बसते, ऊब चाखते, आणि मग दोन मुठी ओला पाला वर टाकते किंवा टाकत नाही. (जबड्याची युक्ती माझी नाही. ऑस्ट्रेलियातला मॅलीफाउल नावाचा पक्षी चोच खुपसून आपल्या ढिगाऱ्याची ऊब तपासतो. निसर्गातून चोरी केली तर कोणी पकडत नाही.) तिच्या सख्ख्या बहिणीच्या मते ती मूठभर पाला हेच पाप. घरट्याला हात लावायचा नाही, ऊन देईल ते घ्यायचं. दोघी एका अंगणात राहतात आणि नऊ वर्षं बोललेल्या नाहीत. आणि त्यांचा एक भाचा आहे, पाऊस लांबला त्या वर्षीचा. घरट्याला हात न लावणाऱ्यांची त्या साली सरशी झाली होती. त्याच्या वयाची एकही मुलगी गावात नाही.

तो घर सोडून का निघाला, हे तुला कॅरेक्टर शीटवर लिहावंच लागणार नाही.

आणि क्रूरपणा? माणसं बाहेरून बघतात आणि म्हणतात, हे लोक पोटची पोरंसुद्धा मोजूनमापून जन्माला घालतात, क्रूर आहेत मेले. म्हणजे तुझं विशेषण वाया गेलं नाही. ते फक्त शेजाऱ्याच्या तोंडी गेलं, आणि तिथेच ते शोभतं.

हे नवं नाही. रूनक्वेस्ट या खेळाच्या ग्लोरांथा जगात ट्रोल नावाच्या राक्षसांना एक शाप आहे. ट्रोल आयांच्या पोटी निरोगी पिल्लांऐवजी खुजी, दुबळी पिल्लं येत राहतात. एवढं वाचलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं की ट्रोलाला आई असते. त्याआधी कितीतरी ट्रोल मी नुसते आगीत ढकलले होते.

आता माझं ऐक. हे मी सहसा सांगत नाही.

माझ्या जगात पक्षिवंशी होते. अकरा वर्षं चालवलं मी ते कॅम्पेन, म्हणजे एकच लांबत गेलेली गोष्ट, आणि त्या पक्ष्यांवर माझा फार जीव. ते खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. तुझ्यासारखाच एक रकाना. एक मित्र त्यांच्यातलाच एक तरुण खेळत होता. गोष्टीत त्याचा भाऊ दरीत पडून मेला. पुढच्या सेशनला तो घरी पोचला, दारात आई, आणि मित्र म्हणाला, "मी तिला सांगत नाही. भाऊ मागून येतोय म्हणतो." मी ताडकन म्हणाले, "तुमच्यात खोटं बोलत नाहीत." तो म्हणाला, "पण आई आहे ती." मी पान काढून दाखवलं! लिहिलेलं होतं ना. त्यानं हातातला फासा दोनतीनदा फिरवला, न टाकताच टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "बरं, सांगतो." पुढच्या वेळी तो माणसाचं कॅरेक्टर घेऊन आला. त्यानंतर काही महिन्यांनी यायचाच बंद झाला.

माझी बाजू अशी की तेव्हा सगळे असंच खेळायचे. जग जीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, नियमही जीएमचे. आणि मी साठ पानं लिहिली होती, ती काय उगाच? असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी मला फक्त एवढं विचारायचं होतं: "तुमच्यातले लोक लपवतात तेव्हा कसं लपवतात?" तो नुसता गप्प राहिला असता. मग मौन हे खोटं की नाही, यावर त्या पक्ष्यांचे दोन पंथ उभे राहिले असते, आई एका पंथाची, मुलगा दुसऱ्या. अकरा वर्षांत मला जे सापडलं नाही ते त्या दारात उभं होतं, आणि मी पान दाखवत बसले.

म्हणून तुला छळतेय. त्यांचं भांडण कशावरून आहे?

तुझे एल्फ साडेसातशे वर्षं जगतात. ठीक. डंजन्स अँड ड्रॅगन्समधून चालत आलेला आकडा आहे. पण मग दोनशे वर्षांपूर्वी माणसांशी झालेल्या कराराचा साक्षीदार अजून जिवंत आहे, आणि तो म्हणतो कागदावर लिहिलंय तसं ठरलंच नव्हतं. त्याची मुलगी त्याला म्हणते, बाबा, गप्प बसा, ज्यांच्याशी ठरलं ते सगळे गेले. झालं की भांडण. गर्विष्ठ लिहून काय मिळालं होतं? नावांमधली ती अपॉस्ट्रॉफीची चिन्हं मात्र काढ, वाचताना जीभ अडकते.

हट्टी म्हणतात मला. एकदा काहीजण मिळून एक सामायिक जग लिहीत होते, मलाही बोलावलं. प्रत्येक जमातीला स्वभावाची एक ओळ सक्तीची होती, म्हणजे म्हणे नव्या लोकांना पटकन निवडता येतं. मी ती ओळ रिकामी ठेवून पाठवली. त्यांनी परत पाठवली, मी पुन्हा रिकामी ठेवली. माझं प्रकरण गळलं. नव्या लोकांना पटकन काहीतरी लागतं हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आता कबूल करते. पण त्यांना भांडणच दे की! "घरट्याला हात लावावा की नाही?" ही ओळ 'क्रूर'पेक्षा किती मोठी आहे? नवा प्लेयर ती वाचतो आणि लगेच एक बाजू घेतो. बाजू घेतली की कॅरेक्टर अर्धं तयार. तेव्हा हे भांडून सांगायला हवं होतं. मी रुसून बसले.

आता काम. सतरांपैकी ज्यांचं भांडण तुला एका बैठकीत सुचणार नाही त्या बाजूला काढ. फेकू नकोस, बाजूला काढ. तीन उरल्या तरी पुष्कळ. उरलेल्यांची दोन-दोन माणसं लिहून पाठव, दोघांचंही म्हणणं मला पटलं पाहिजे. एक शहाणा आणि एक मूर्ख असं केलंस तर परत पाठवीन. त्या मुलीला आधी विचार, तिला सरडा खेळायचा होता का. माझा अंदाज आहे, होता.

आणि नकाशा इतक्यात पाठवू नकोस. नकाशा दिसला की मी दुसरं काही वाचत नाही.