तोयामा-सोला जाताय? आधी टेकडी चढा

तोक्योत तोयामा-सो बघायला गेलात तर तळं, पूल शोधत बसू नका. ओवारी प्रांताच्या तोकुगावा सरदारांची ही बाग मेइजी काळात (१८६८-१९१२) लष्कराकडे गेली, आता तिथे तोयामा पार्क आणि वस्ती आहे. मेइजी-दोरी रस्त्याने पार्कचे दोन तुकडे झालेत. तुम्ही हाकोने-यामाची बाजू धरा. तळं खोदताना निघालेल्या मातीची ही टेकडी, समुद्रसपाटीपासून जेमतेम ४४.६ मीटर. तरी चढल्याचं प्रमाणपत्र पार्कच्या कार्यालयात मिळतं, लाजू नका, मागा! माथ्यावरून खालचे उतार नीट न्याहाळा. इथेच कुठेतरी सरदाराने ओदावारा या हमरस्त्यावरच्या मुक्कामाच्या गावासारखी दुकानांची अख्खी नकली पेठ उभारली होती, निव्वळ पाहुण्यांच्या करमणुकीसाठी. या बागेतल्या जुन्या धबधब्याचे खरे दगड बघायचे असतील तर मात्र नागोयाची तोकुगावा-एन ही बाग गाठा. ते तिथे नेऊन पुन्हा रचलेत.