लोक आपल्या भागाची खबर लोकेशनसकट फुकटात का देतात?

तुम्ही विचारलंय की पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, तरी लोक मोबाईलवरून जागेसकट खबरा का टाकत बसतात. मी बदलापूर ते दादर रोज लोकलने जाते आणि एम-इंडिकेटर या लोकलचं वेळापत्रक दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या ट्रेन चॅटवर (प्रवासी एकमेकांना गाड्यांची खबर देतात तिथे) बरीच वर्षं लिहितेय, तेव्हा अनुभवाचं सांगते.

पहिला मेसेज टाकला तो पावसातल्या एका संध्याकाळी. सायन सोडून गाडी जी थांबली ती थांबलीच. पंखे बंद, दारातल्या बायका सांगत होत्या की रूळ दिसेनासे झालेत. मी लिहिलं, "सायन-कुर्ल्याच्या मधे, डाउन स्लो, रुळांवर पाणी." (डाउन स्लो म्हणजे मुंबईतून बाहेर जाणारी धीमी गाडी.) लगेच कुणीतरी उत्तर दिलं, "थँक्यू, मी दादरलाच थांबते, कडेवर बाळ आहे." त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून मला ही सवय लागली.

माझ्या मते खरं कारण हेच आहे. ही खबर त्याच जागी निघालेल्या माणसाच्या कामाची असते, तीही पंधरा-वीस मिनिटंच, आणि ती कामी आलेली आपल्याला तिथल्या तिथे दिसते. गूगल मॅप्सवर लोकल गाइडना, म्हणजे जागांची माहिती आणि फोटो टाकणाऱ्यांना, पॉइंट मिळतात, लेव्हल वाढते. सुरुवातीला त्याचीही ओढ वाटते, मलाही वाटली. पण भर पावसात छत्री सांभाळत कुणी पॉइंटसाठी टाइप करत नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घरचं माणूस कुठे अडकलंय हे रात्रभर कळायला मार्ग नव्हता. ज्यांनी ती रात्र काढली त्यांना 'कुठे' या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई पुन्हा तुंबली, तेव्हा अनोळखी लोकांनी "आमच्याकडे या, राहायची सोय आहे" म्हणत आपापले पत्ते दिले.

शिवाय दर पावसाळ्यात जुने फोटो नव्याने फिरतात. जागा आणि वेळ सोबत असली की खबरीवर विश्वास बसतो. मात्र बायकांनी जपून: मी स्टेशन लिहिते, डबा कधीच नाही, आणि घराजवळून काहीच टाकत नाही.

लोक लिहायचं थांबतात ते बहुतेक पलीकडून कुणी हूं की चूं करत नाही म्हणून. त्यामुळे कुणाची खबर वाचली की मी आधी "मिळालं, थँक्यू" लिहिते आणि मगच प्लॅटफॉर्म बदलते.